अग्निगोल दिसला तर आधी पाय हलवू नका

तेजस्वी उल्का दिसते ती दोन-तीन सेकंद, फार तर पाच-सहा. त्यातला पहिला सेकंद डोळ्यांवर विश्वास बसण्यात जातो, उरलेले शेजारच्याला हलवून "बघ, बघ" म्हणण्यात. मग माणूस गच्चीच्या दुसऱ्या टोकाला धावतो, फोन काढतो, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहितो. पंधरा मिनिटांनी कुणी विचारलं, "नेमकी कुठून कुठे गेली?" तर हात हवेत फिरवून उत्तर येतं, "अशी, इकडून तिकडे." नोंद वाया जाते ती इथे. उल्केचा मार्ग काढायला वर्णन फारसं लागत नाही. लागतात आकाशातले दोन बिंदू, एक वेळ आणि तुम्ही उभे होता ती जागा.

शुक्राहून तेजस्वी दिसणाऱ्या उल्केला अग्निगोल म्हणतात. खगोलाच्या हिशोबात तिची प्रत, म्हणजे तेजाचं माप, उणे ४ किंवा त्याहून जास्त तेजाची (आकडा जितका लहान, तितकं तेज जास्त). नेहमीचा 'तुटलेला तारा' म्हणजे वाळूच्या कणाएवढा किंवा वाटाण्याएवढा ऐवज. अग्निगोलामागे त्याहून मोठा दगड असतो आणि क्वचित त्याचा तुकडा जमिनीपर्यंत येतो. म्हणून त्याची नोंद मोलाची.

पहिलं अर्धं मिनिट

जिथे उभे आहात तिथेच राहा. उल्का विझली ती जागा नजरेने धरून ठेवा आणि तिच्याखाली क्षितिजावर काय आहे ते बघा: पाण्याची टाकी, मोबाइलचा टॉवर, नारळाचं झाड, समोरच्या इमारतीचा कोपरा. मग उल्का पहिल्यांदा दिसली त्या बिंदूसाठीही तसंच करा. शेवटचा बिंदू आधी, कारण तो ताजा असतो, आणि दगड पडला असेल तर शोध त्याच टोकापासून सुरू होतो. पहिल्या बिंदूत तशीही चूक असते, कारण नजर वळेपर्यंत उल्का थोडी पुढे गेलेली असते. ती आधीपासूनच नजरेत होती की मान वळवल्यावर दिसली, हेही लिहा.

तारे ओळखता येत असतील तर काम निम्मं झालं. "रोहिणीच्या जरा खालून निघाली आणि व्याधाच्या डावीकडे वीतभर अंतरावर विझली" या एका वाक्यात घरांच्या आणि झाडांच्या सगळ्या खुणांपेक्षा जास्त माहिती आहे.

आता फोन काढा, पण फोटोसाठी नाही. वेळ बघा आणि लगेच आवाज रेकॉर्ड करायला सुरुवात करा. फोनचं घड्याळ नेटवर्कवरून लागलेलं असतं, त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही; मनगटावरच्या घड्याळावर ठेवू नका. पाहिलेलं सगळं बोलून टाका: दिशा, खुणा, रंग, तुकडे झाले का, मागे धुरकट रेघ राहिली का आणि किती वेळ राहिली. हे सगळं शेजारच्याशी चर्चा करण्याआधी. दोन साक्षीदार एकमेकांशी बोलले की दोन नोंदींची एकच नोंद होते, आणि ती बहुतेक वेळा मोठ्या आवाजात बोलणाऱ्याची असते.

किती सेकंद दिसली हे आठवणीतून सांगताना जवळपास सगळेच वाढवून सांगतात. उपाय सोपा आहे. डोळे मिटून तो क्षण पुन्हा बघा, बोटाने हवेत तोच मार्ग त्याच वेगाने काढा आणि दुसऱ्या हातात स्टॉपवॉच चालवा. तीनदा करा आणि सरासरी घ्या. "दहा-पंधरा सेकंद" म्हणणाऱ्याचे या पद्धतीने तीन-चार होतात.

आवाजासाठी थांबा

हवेत आवाजाला एक किलोमीटर कापायला जवळपास तीन सेकंद लागतात. अग्निगोल ३० किलोमीटर उंचीवर फुटला आणि अगदी डोक्यावर असला तरी धमाका दीड मिनिटाने येणार. तिरक्या रेषेत १०० किलोमीटरवर असेल तर पाच मिनिटांनी. त्यामुळे किमान सात मिनिटं गप्प राहून ऐका आणि रेकॉर्डिंग चालू ठेवा. आवाज आला तर प्रकाश आणि आवाज यांच्यामधली वेळ लिहा. तिच्यावरून अंतर निघतं. उल्का दिसत असतानाच फुसफुस किंवा चरचर ऐकू आली असं काही जण सांगतात. तसं झालं असेल तर वेगळं नोंदवा, धमाक्यात मिसळू नका.

ही सात मिनिटं काचेच्या खिडकीजवळ काढू नका. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कवर अग्निगोल फुटला तेव्हा लखलखाट बघायला लोक खिडक्यांशी गेले आणि काही वेळाने आलेल्या धक्क्याने काचा फुटल्या. सुमारे दीड हजार जण जखमी झाले, बहुतेक काचांनी. इतका मोठा अग्निगोल दुर्मीळच, पण रात्री दिवसासारखा उजेड पडला तर खिडकीपासून लांब व्हायचं एवढं ध्यानात ठेवा.

मुठीने मोजा

हात पूर्ण ताणून धरला की करंगळीची जाडी साधारण १ अंश, मधली तीन बोटं मिळून ५ अंश, मूठ १० अंश, आणि अंगठा ते करंगळी ताणलेली वीत २० अंशांच्या आसपास. प्रत्येकाचा हात वेगळा, म्हणून एकदा आकाशावरच तपासून घ्या. सप्तर्षीतल्या क्रतू आणि पुलह या, ध्रुवाकडे बोट दाखवणाऱ्या, दोन ताऱ्यांमध्ये सव्वापाच-साडेपाच अंश आहेत. ध्रुवतारा क्षितिजापासून जेवढा वर, तेवढा त्या गावाचा अक्षांश: पुण्यात साडेअठरा अंश, नागपुरात २१, पणजीत साडेपंधरा. म्हणजे पुण्यात क्षितिजापासून दोन मुठी रचल्या तर ध्रुव दुसऱ्या मुठीच्या वरच्या कडेच्या किंचित खाली यायला हवा. नाही आला तर तुमची मूठ किती अंशांची ते कळलं.

नुसत्या अंदाजाने उंची सांगू नका. माणसाचा डोळा इथे हमखास फसतो. ३० अंशांवरची वस्तू ४५ वर आहे असं वाटतं, आणि ६० च्या पुढचं सगळं 'डोक्यावर' होऊन जातं. क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवत वर चढा, तेवढाच खात्रीचा मार्ग.

दिशेसाठी उत्तर ०, पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७० असं मोजतात. फोनचं होकायंत्र वापरण्याआधी फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवून घ्या, आणि गाडी, लोखंडी कठडा, गच्चीवरची सळई यांच्यापासून दोन-तीन मीटर लांब व्हा. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक महाराष्ट्रात एक अंशाहूनही कमी आहे, त्यामुळे तो हिशोब आपल्याला करावा लागत नाही. सर्वांत चांगलं म्हणजे दुसऱ्या दिवशी उजेडात त्याच फरशीवर उभं राहून कालच्या खुणांच्या दिशा पुन्हा मोजणं. खुणा पाठ केल्या असतील तर रात्रीची घाई सकाळी दुरुस्त होते.

एवढी काटेकोर मोजणी कशासाठी? उल्का दीडशे किलोमीटरवर असताना दिशेत दहा अंश चुकले तर तिची जागा सव्वीस किलोमीटर सरकते. पुण्याहून एकाने आणि नाशिकहून दुसऱ्याने एकच अग्निगोल नीट मोजला, तर दोन्ही रेषा जिथे छेदतात तिथून त्याची उंची आणि मार्ग निघतो. आवाज आला नसेल तर एकट्याच्या नोंदीतून अंतर कळत नाही.

म्हणूनच "त्या डोंगरामागे पडली" हे वाक्य नोंदीत लिहू नका. साधी उल्का ८० ते १०० किलोमीटर उंचीवर जळते. ८० किलोमीटर उंचीवरची उल्का तुम्हाला २० अंशांवर दिसली, तर तिच्या खालची जमीन तुमच्यापासून सव्वादोनशे किलोमीटर लांब आहे. भोरच्या डोंगरामागे 'पडलेली' उल्का प्रत्यक्षात कर्नाटकावर असू शकते.

तेज सांगताना तुलना करा: व्याधाएवढी, गुरूएवढी, शुक्राहून जास्त, अर्ध्या चंद्राएवढी, पौर्णिमेच्या चंद्राएवढी. जमिनीवर सावल्या पळताना दिसल्या का, ही नोंद 'खूप तेजस्वी'पेक्षा कितीतरी उपयोगी. रंग लिहा, पण त्यावरून लगेच 'तांबं होतं, निकेल होतं' असं ठरवू नका. हिरवा रंग उल्केतल्या मॅग्नेशियममुळे येतो तसा तापलेल्या हवेतल्या ऑक्सिजनमुळेही येतो.

नोंद कुठे द्यायची? इंटरनॅशनल मीटिअर ऑर्गनायझेशन आणि अमेरिकन मीटिअर सोसायटी यांचा ऑनलाइन अर्ज एकाच पद्धतीचा आहे. नकाशावर आपली जागा, सुरुवातीची आणि शेवटाची दिशा-उंची, वेळ, तेज, आवाज एवढं भरायचं असतं. नेहमी चूक होते ती तारखेत. जागतिक वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे, म्हणून १४ डिसेंबरच्या पहाटे दोनला दिसलेली उल्का जागतिक वेळेत १३ डिसेंबरची रात्री साडेआठची होते. अर्जात स्थानिक वेळ मागितली आहे की जागतिक, ते वाचून मगच आकडा टाका.

ती उल्काच होती का?

उल्का किमान ११ आणि जास्तीत जास्त ७२ किलोमीटर प्रति सेकंद वेगाने वातावरणात शिरते. उपग्रह किंवा रॉकेटचे अवशेष परत येतात ते आठच्या आत. हा फरक नुसत्या डोळ्यांना कळतो. उल्का काही सेकंदांत संपते. अवशेष अर्धा मिनिट, कधी त्याहूनही जास्त वेळ, जवळजवळ क्षितिजाला समांतर सरकत राहतात आणि त्यांचे अनेक तुकडे एकामागे एक शेपट्या काढत चालतात. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्रात असंख्य लोकांनी 'उल्कावर्षाव' म्हणून चित्रित केलं ते असंच होतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात त्याच रात्री सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं, आणि अभ्यासकांनी ते चिनी रॉकेटच्या टप्प्याशी जुळवलं. व्हिडिओत वीस सेकंदांहून जास्त वेळ तुकडे चालताना दिसले की आधी रॉकेटचाच संशय घ्या.

एका ओळीत, सारख्या अंतराने, न जळता जाणारे ठिपके म्हणजे स्टारलिंकचे उपग्रह. लुकलुकणारं ते विमान. दिवाळीच्या दिवसांत नारिंगी, संथ, वाऱ्याबरोबर तरंगत जाणारं काही दिसलं तर ते बहुधा कुणीतरी सोडलेला कागदी आकाशदिवा.

मुद्दाम बघायला जायचं तर

अग्निगोल सांगून येत नाही, पण शक्यता वाढवता येते. आपल्याकडे सर्वांत भरवशाची रात्र १३ डिसेंबरची, म्हणजे १४ ची पहाट: जेमिनिड उल्कावर्षाव. उगम, म्हणजे उल्का जिथून निघाल्यासारख्या दिसतात तो बिंदू, पुनर्वसूच्या जोडताऱ्यांजवळ, वेग सुमारे ३५ किलोमीटर प्रति सेकंद, म्हणजे उल्कांमध्ये बेताचाच, त्यामुळे नजर वळवायला वेळ मिळतो. पुनर्वसू संध्याकाळी साडेसात-आठला पूर्व-ईशान्येला उगवतं आणि रात्री अडीचच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर येतं. बहुतेक लोक अकरानंतरच गच्चीवर जातात, पण आठ ते नऊच्या दरम्यान पूर्वेकडे तोंड करून बसणाऱ्याला एखाद-दुसरी लांबलचक, अर्धं आकाश कापत जाणारी उल्का मिळू शकते. ती वातावरणाला घासत जाते म्हणून लांब टिकते. संख्या मात्र मध्यरात्रीनंतरच वाढते. खऱ्या अंधारात तासाला साठ-सत्तर सहज. शहरातून त्यातल्या मोजक्याच दिसतात.

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात टॉरिड असतात. संख्या अगदी थोडी, तासाला चार-पाच, पण संथ आणि त्यांत अग्निगोलांचं प्रमाण चांगलं. रोहिणी-कृत्तिकांचा भाग डोक्यावर असताना बघा. ५-६ मेच्या पहाटे इटा अ‍ॅक्वेरिड: हॅलेच्या धूमकेतूची धूळ, वेगवान, मागे रेघ सोडणाऱ्या. युरोपातल्या लोकांपेक्षा आपल्याला त्या बऱ्या दिसतात, तरी कुणी उठत नाही. १२ ऑगस्टच्या पर्सिडचा जगभर गाजावाजा होतो, पण तेव्हा कोकण आणि घाटमाथा ढगांत असतो; त्यासाठी रजा टाकू नका. आणि कुठलाही वर्षाव नसताना फेब्रुवारी ते एप्रिलच्या संध्याकाळी सुटे अग्निगोल थोडे जास्त दिसतात. आपलं आकाशही तेव्हा मोकळं असतं.

चंद्राचा हिशोब भिंतीवरच्या कॅलेंडरातून करा. शुक्ल पंचमीचा चंद्र रात्री दहाच्या आसपास मावळतो, अष्टमीचा मध्यरात्री. पुढे प्रत्येक तिथीला साधारण पन्नास मिनिटं उशीर. कृष्ण अष्टमीनंतर उलट गणित: मध्यरात्रीपर्यंत अंधार, मग चंद्र. पौर्णिमेच्या चार दिवस अलीकडे-पलीकडे साध्या उल्का बुडतात, अग्निगोल तरीही दिसतो.

जागा निवडताना उंची दुय्यम, अंधार मुख्य. मुंबईकर वर्षानुवर्षं वांगणीला जातात, नगर-जुन्नरच्या बाजूला भंडारदरा आणि नाणेघाट आहेत. विदर्भात पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. वन खातं किंवा पुरातत्त्व खात्याची हद्द असेल तर रात्री थांबायची परवानगी आधी घ्या. कड्याजवळ आडवं पडू नका. अंधाराला सरावलेले डोळेही काठ ओळखत नाहीत.

सतरंजीखाली प्लास्टिक घाला, दव खालूनही येतं. कानटोपी, मोजे, गरम पाणी. विजेरीला लाल जिलेटिन कागदाचे दोन थर रबरबँडने लावा. डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि फोनचा पांढरा पडदा एकदा बघितला की पुन्हा पहिल्यापासून. पाठीवर झोपून ५० अंशांच्या आसपास, उगमबिंदूपासून ३०-४० अंश बाजूला नजर ठेवा. थेट उगमाकडे बघितलं तर उल्का तुमच्याच दिशेने येत असल्यामुळे आखूड दिसतात. दुर्बीण घरी ठेवा.

कॅमेरा

रुंद लेन्स, १४ ते २४ मिलिमीटर, एफ २.८ किंवा त्याहून उघडी. आयएसओ १६०० ते ३२००. एकेक फोटो १५ सेकंदांचा, सलग, रॉ (कॅमेऱ्याची मूळ, न आवळलेली फाइल) स्वरूपात. उघडीप, म्हणजे एक्स्पोजरचा वेळ, वाढवली म्हणून उल्का जास्त उजळ येत नाही, कारण ती त्या पिक्सेलवर क्षणभरच असते. उजळतं ते फक्त मागचं आकाश. म्हणून शहराजवळ वेळ ५-८ सेकंदांवर आणा.

रात्र वाया घालवणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. 'लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन' चालू राहिलं तर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ आंधळा होतो, म्हणजे निम्मी रात्र गेली. फोकस ऑटोवर राहिला तर सगळे फोटो धूसर. एखादा ठळक तारा पडद्यावर दहापट मोठा करून हाताने फोकस करा आणि रिंगवर चिकटपट्टी लावा. ट्रायपॉडवर असताना लेन्सचं स्थिरीकरण बंद. तिसरी गोष्ट दव: पहाटे दोननंतर लेन्स धुरकटते आणि सकाळी घरी जाऊन कळतं. हात गरम करायची पाकिटं मोज्यात घालून लेन्सभोवती बांधली की प्रश्न मिटतो. तासाला २४० फोटो, म्हणजे सहा-सात जीबी. रात्रभरासाठी ६४ जीबीचं कार्ड आणि दोन जादा बॅटऱ्या. कॅमेऱ्याचं घड्याळ निघण्यापूर्वी फोनशी सेकंदापर्यंत जुळवा.

न ठरवता दिसलेल्या अग्निगोलाचा खरा कॅमेरा म्हणजे सोसायटीचा सीसीटीव्ही. दुसऱ्याच दिवशी वॉचमनकडे जा, कारण हार्डडिस्क भरली की जुनं पुसून नवं लिहिलं जातं. मूळ फाइल पेनड्राइव्हवर घ्या. पडद्याचं फोनने केलेलं चित्रण मोजणीला फारसं कामाचं नाही. त्या यंत्राचं घड्याळ अनेकदा काही मिनिटं चुकलेलं असतं, म्हणून त्याचा वेळ दाखवणारा पडदा आणि फोनचं घड्याळ एकाच फोटोत टिपा. कॅमेरा हलवू, वळवू नका. नंतर त्याच चौकटीतल्या इमारतींवरून आणि ताऱ्यांवरून कोन काढायचे असतात. चित्रात वळणावळणाने जाणारं तेजस्वी काही असेल तर तो लेन्सपुढचा किडा आहे.

दगड सापडला असं वाटलं तर

अशनी, म्हणजे जमिनीपर्यंत पोचलेला उल्केचा दगड, पडते तेव्हा जळत नसते. वीस-तीस किलोमीटर उंचीवर तिचा प्रकाश विझतो आणि उरलेलं अंतर ती अंधारात काही मिनिटं पडत येते. त्यामुळे पेटलेलं गवत किंवा धुमसता खड्डा ही अशनीची खूण नाही. नव्या अशनीवर काळं, पातळ, अंड्याच्या टरफलासारखं कवच असतं. एखादा कोपरा तुटला असेल तर आत करडा रंग दिसतो. आकाराच्या मानाने ती जड लागते आणि तिच्यात बुडबुड्यांची भोकं नसतात.

महाराष्ट्रात एक अडचण खास आपली आहे. 'लोहचुंबक चिकटला म्हणजे अशनी' हा नियम दख्खनच्या बेसाल्टवर फसतो. त्यात मॅग्नेटाइट असल्यामुळे तोही चुंबकाला थोडा ओढतो, शिवाय काळा आणि जडही असतो. शेताच्या बांधावरचा प्रत्येक काळा दगड या चाचणीत पास होईल. भोकं आणि त्यांत पांढरे स्फटिक दिसले तर तो बेसाल्टच. आणि दगड खरोखर अशनी वाटत असेल तर चुंबक लावूच नका, कारण तिच्यातली मूळ चुंबकीय नोंद त्याने पुसली जाते.

उचलण्याआधी जागेवर फोटो काढा, शेजारी नाणं किंवा पट्टी ठेवून, आणि जीपीएसचे आकडे लिहा. धुऊ नका, हळदकुंकू लावू नका, उघड्या हाताने धरू नका. स्वच्छ ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून कोरड्या पिशवीत ठेवा. देशात पडलेल्या अशनींची जबाबदारी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे आहे आणि त्यांच्या मध्य विभागाचं कार्यालय नागपुरात आहे. गावातून तहसीलदारांमार्फत कळवलं तरी चालतं. २२ मे २०१२ ला नागपूर जिल्ह्यातल्या काटोलमध्ये भरदिवसा अशनी पडल्या. लगेच गोळा झालेले तुकडे अभ्यासाला जास्त उपयोगी पडतात, एक पाऊस गेला की गंज सुरू होतो.

पडलेली वस्तू दगड नसून धातूचं कडं, टाकी किंवा गोळा असेल तर मात्र हात लावू नका. रॉकेटच्या टाक्यांत विषारी इंधनाचे अंश राहिलेले असू शकतात. लोकांना लांब ठेवा आणि पोलीस ठाण्यात कळवा.